नंदाचं दुरुस्त वजन

१ ऑगस्ट, शुक्रवार

नोकरीत होतो तेव्हा शिक्षक डायरी लिहायचो ती साहेबांसाठी. आज काय शिकवलं, उद्या काय शिकवणार, खाली सही. ही कोणी तपासणार नाही, तेव्हा मनात येईल ते लिहीन.

भय्यासाहेबांनी मला धरलंच शेवटी. त्यांच्या कॉलेजात बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला पोरं तर भरली, पण फिजिक्सच्या मॅडमनी हात टेकले. पोरांना मिलिमीटरचे मीटर करता येत नाहीत, आलेख काढा म्हटलं तर चित्र काढतात. "गुणवंतराव, महिनाभर या. माप घेणं आणि त्याच्यापुरतं गणित तेवढं पक्कं करून द्या." मी म्हटलं, आधी नंदा दवाखान्यातून घरी येऊ द्या. ती काल आली, आज मी वर्ग घेऊन आलो. निवृत्त झाल्यावर पहिल्यांदा खडू हातात घेतला आणि बरं वाटलं, खोटं काहून बोलू.

नंदाचं असं आहे की तिचं हृदय तीस टक्केच पंप करून राहिलं. मग पाणी अंगात साचतं आणि फुप्फुसात चढतं. जुलैत तसंच झालं, मी घाबरून अर्धा झालो होतो. आता डॉक्टर विनता मॅडमनी घरचा अभ्यास दिला आहे. मीठ बंद, पाणी मोजून, आणि रोज सकाळी उपाशीपोटी वजन. घरी पाठवताना वजन चोपन्न किलो होतं. "हर संडे नंबर व्हॉट्सॲप कीजिए," मॅडम म्हणाल्या, "लेकिन दो किलो बढ़ा तो संडे का इंतज़ार नहीं, उसी दिन फ़ोन. पानी चुपचाप भरता है, वज़न पहले बता देता है." मी म्हटलं, मॅडम, जन्मभर पोरांना माप घ्यायलाच शिकवलं आहे, तुम्ही निश्चिंत राहा.

माळ्यावरून जुना वजनकाटा काढला. स्प्रिंगचा, गोल तबकडीचा, आमची लेक दीप्ती शाळेत होती तेव्हाचा. वर कोणी नसताना सुई अर्ध्या किलोवर उभी! शून्यावर आणायचं चाक गंजून बसलं आहे. दुसऱ्या कोणी फेकून दिला असता, मला तर आनंद झाला. ही साधी झिरो एरर. जे दिसेल त्यातून अर्धा वजा करायचा, झालं. नंदा चढली, साडेचोपन्न. वजा अर्धा, चोपन्न. दवाखान्याशी तंतोतंत जुळलं आणि मी टाळीच वाजवली. नंदा म्हणते, "बायको घरी आली म्हणून नाही वाजवली टाळी, काटा बरोबर निघाला म्हणून वाजवली."

४ ऑगस्ट, सोमवार

आज स्क्रू गेज. अनिमेष नावाचा लांबलचक पोरगा आहे, त्याने तारेची जाडी काढली तीन मीटर. एकक लिहायचं म्हणून मीटर लिहून दिलं, लेकाच्याने. मी विचारलं, "बेटा, इस तार के ऊपर मेट्रो बस चलानी है क्या?" सगळे हसले. तोही हसला, आणि मग कॅलक्युलेटरकडे बघायला लागला, जसं काही त्याची चूक होती.

टेबलाची लांबी अंदाजाने सांगा म्हटलं तर जो तो "सर, लगता है..." मी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'लगता है', आणि त्यावर फुली मारली. लॅबमध्ये वाटणं चालत नाही. पट्टी लाव, डोळा सरळ धर, वाच आणि लिही. आणि जे दिसलं तेच लिही.

नंदा चोपन्नवर ठाम. छान.

७ ऑगस्ट, गुरुवार

बिनमिठाचं वरण, बिनमिठाची भाजी. नंदा निमूट खाते, माझ्या घशाखाली उतरत नाही. तिच्यासमोर दोन घास खातो आणि मग कॉलेजला जाता-येता माझं मी बघतो. खरं म्हणजे ती दवाखान्यात होती तेव्हापासूनच सवय लागली. सकाळी पोहे-जिलेबी, परत येताना कमानिया गेटला उतरून खव्याची जिलेबी, कधी कचोरी. तिला सांगत नाही, बिचारीच्या तोंडाला पाणी सुटायचं. दीप्तीला फोनवर सांगितलं तर ती भोपाळहून ओरडली, "बाबा, तुम्ही पण पथ्य पाळा ना, प्लीज़!" मला काय धाड भरली आहे?

या दमट हवेने सगळ्या वस्तूंचं वाटोळं केलं. दारं फुगली, मीठ पाणावलं (ते तर आता माझ्या एकट्यापुरतंच आहे), चामड्याचा बेल्टसुद्धा आकसला. नेहमीच्या भोकात येत नाही म्हणून पुढच्या भोकात लावला.

१० ऑगस्ट, रविवार

मॅडमना आठवड्याचे आकडे पाठवले. ५४.०, ५४.१, ५३.९ असे. खाली टीप दिली की झिरो एरर वजा केली आहे. मॅडमचा अंगठा आला. बाकी पेशंट काय पाठवत असतील देव जाणे.

१३ ऑगस्ट, बुधवार

डोकं फिरलं आज. लंबकाचा प्रयोग होता. दोरीला गोळा बांधा, वीस झोके मोजा, वेळ घ्या, त्यावरून गुरुत्वाचा g काढा. अनिमेषचं उत्तर ९.८०. प्रत्येक लांबीला ९.८०! एक झोकाही इकडचा तिकडे नाही. मी विचारलं घड्याळ कुठे आहे. घड्याळ कपाटातच होतं, त्याने काढलंच नव्हतं. पुस्तकातलं उत्तर घेऊन मागे मागे जाऊन रीडिंग बनवली होती.

हे काही त्याने शोधून काढलेलं नाही. सगळीकडे चालतं, परीक्षेत मास्तरसुद्धा उत्तर बघून गुण देतात. पण माझ्या वर्गात? पान फाडून त्याच्या हातात दिलं. म्हटलं, "तुझे जो चाहिए था वो तूने लिख दिया. प्रकृति तेरी नौकर है?" पोरगा पांढरा पडला. मग त्याला पुन्हा करायला लावलं, मी शेजारी उभा. ९.३ आलं. तो रडकुंडीला, "सर, ग़लत आ गया." मी पैकीच्या पैकी गुण दिले आणि सांगितलं, हे तुझं आहे, ते तुझं नव्हतं.

घरी येऊन नंदाला सांगितलं. ती म्हणाली, "पान काहून फाडलं जी लेकराचं? नुसतं सांगितलं असतं तरी समजलं असतं." नंदाला कोणाचंही कौतुक आणि कोणाचीही कीव. जिना चढून आल्यासारखी बोलत होती, मध्ये थांबत. नुसती ओट्याजवळ उभी होती. हवाच अशी आहे, मलाही दम लागतो.

१६ ऑगस्ट, शनिवार

सकाळी वजन ५६.४. वजा अर्धा, ५५.९.

मी तिला उतरायला लावलं, पुन्हा चढवलं. तेच. काल ५५.२ होतं, परवा ५४.७. रोज वाढून राहिलं आणि मी रोज म्हणत होतो की उद्या खाली येईल. जुलैमधला तो दिवस आठवला, अँब्युलन्समध्ये तिने माझं मनगट धरलं होतं त्याचे वळ दोन दिवस होते. पुन्हा ते नको. बाप्पा, पुन्हा ते नको.

नंदा म्हणाली, "बांगड्या रुतून राहिल्या मला. साबण लावूनही निघत नाहीत." मी म्हटलं, हवेने हात फुगतात, माझा बेल्ट नाही का.

आणि तेव्हाच डोक्यात प्रकाश पडला. हवा! स्प्रिंग लोखंडाची, गंज धरला, वर्षानुवर्षं दबलेली. सैल पडली असणार. पण रिकामा काटा तर अजून अर्ध्यावरच आहे. बरोबर आहे, स्प्रिंगचा दोष भार पडल्याशिवाय दिसणारच नाही! जितकं वजन जास्त तितकी चूक जास्त. ही झिरो एररपेक्षा वेगळी भानगड आहे. आता ज्ञात वजन पाहिजे. मी स्वतः चढलो. ७१.५, वजा अर्धा, ७१. आणि माझं वजन आहे अडुसष्ट! गेल्या वर्षी पेन्शनर संघाच्या शिबिरात मोजलं होतं, कार्ड आहे घरात, आणि कॉलेजात होतो तेव्हापासून मी अडुसष्टच आहे.

म्हणजे काटा एक्काहत्तर दाखवतो तेव्हा खरे अडुसष्ट असतात. नंदाचे ५५.९ गुणिले ६८ भागिले ७१. ५३.५!

वाढलं तर नाहीच, उलट अर्धा किलो कमी झालं. बाथरूममध्ये नळ सोडून रडलो, लिहायला लाज वाटते. नंदा बाहेरून विचारत होती काय झालं, काय झालं. म्हटलं काही नाही, तू बरी आहेस.

१७ ऑगस्ट, रविवार

मॅडमना दुरुस्त आकडे पाठवले. मधले तीन दिवस पण त्याच गुणोत्तराने दुरुस्त केले, म्हणजे सगळं एकसारखं. गुणाकाराचं मॅडमना कळवलं नाही, त्यांना कुठे वेळ असतो. अंगठा आला.

१९ ऑगस्ट, मंगळवार

आज हेच गणित वर्गात दिलं. गुणोत्तर शिकवायला याच्यासारखं उदाहरण नाही. नाव-गाव न सांगता फळ्यावर लिहिलं, एका माणसाचं खरं वजन ६८, काटा ७१ दाखवतो; त्याच काट्यावर दुसऱ्याचं वजन ५५.९ दिसलं तर खरं किती? अनिमेषने सगळ्यांच्या आधी बरोबर काढलं, एककासकट. सुधारतो आहे पोरगा.

पण वैभवी म्हणून एक मुलगी आहे, शहपुऱ्याहून बसने येते, मागच्या बाकावर बसते आणि सहसा तोंड उघडत नाही. तिने हात वर केला. "सर, वो अड़सठ कब का है?"

"कब का मतलब?"

"मतलब, किस दिन तौला था उसको? आदमी का वज़न तो बदलता रहता है."

मी म्हटलं, "सवाल में दिया है न? दिया हुआ है तो मान के चलो. गिवन है." ती बसली. वर्गात हे असं होतं, एखाद्याला गणित सोडवायच्या ऐवजी गणितावर शंका काढायची हौस असते. तिचं उत्तर अर्धवटच राहिलं होतं, तेही बघितलं मी.

येताना जिलेबी घेतली नाही. का कोण जाणे, इच्छा झाली नाही.

२१ ऑगस्ट, गुरुवार

५७.३ दिसतं. अर्धा वजा, गुणोत्तर लावलं, ५४.४. ठीक आहे. चोपन्नच्या आसपास.

नंदा हल्ली तीन उशा घेऊन जवळजवळ बसूनच झोपते. आडवी झाली की खोकला येतो म्हणते. आज आंघोळ अर्धी सोडून बाहेर आली, स्टुलावर बसली, केस ओलेच. चपलेचा पट्टा लागत नाही म्हणून माझी स्लीपर घालून फिरते. मला म्हणाली, "मॅडमला फोन करा न. मला जड वाटून राहिलं."

मी म्हटलं, वाटणं म्हणजे माप नाही, नंदा. आकडा चोपन्न पॉइंट चार आहे.

"तबकडीवर तर सत्तावन दिसलं मला."

"तो काट्याचा दोष आहे. मी काढून टाकला."

"काहून इतके गुणाकार करून राहिले जी? काटा जे दाखवते ते पाठवा, अन् समजू द्या मॅडमला काय समजायचं ते."

मग मला राग आला. बोललो तिला. चुकीचा आकडा पाठवला तर मॅडम पाणी काढायची गोळी वाढवतील, मग किडनीवर ताण, मग तुला भरती करतील, सुया, सलाईन, त्या पडद्याआडच्या खाटा, तुला ते पाहिजे का? ती माझ्याकडे बघत राहिली, रागाने नाही. मग म्हणाली, "चला, राहू द्या. चहा टाका थोडासा, माझ्या वाट्याचं पाणी आहे अजून शिल्लक."

चहा केला. तिने अर्धाच घेतला.

२४ ऑगस्ट, रविवार

तबकडी ५८.५. दुरुस्त ५५.५. दीड किलो वाढ, दोनच्या आत आहे. मी हे तीनदा करून बघितलं, दशांश चिन्ह सुद्धा तपासलं.

मॅडमना पाठवलं. आज अंगठा नाही आला, प्रश्न आला, "थोड़ा बढ़ा है. पैरों में सूजन?" मी नंदाचे पाय बघितले. बोट दाबलं तर खळगा पडतो आणि भरायला वेळ लागतो. पण ती दिवसभर पाय खाली सोडून बसते, त्याने कोणाचेही सुजतील. लिहिलं, "मामूली." मॅडमनी लिहिलं, "बुधवार को दिखा दीजिए."

दीप्ती फोनवर म्हणाली, "बाबा, आईचा आवाज ठीक नहीं लग रहा. वाक्य पूरा नाही करत आहे ती." मी म्हटलं थकली आहे, बुधवारी दाखवतोच आहोत. तिने विचारलं वजन किती. मी सांगितलं पंचावन्न पॉइंट पाच. ती म्हणाली, अच्छा, मग ठीक.

२६ ऑगस्ट, मंगळवार

दवाखान्यातल्या बाकावर लिहून राहिलो. लिहिलं नाही तर वेड लागेल.

काल पहाटे दूधवाला यायच्या वेळी नंदाने हाक मारली. हाक नव्हे, घरघर होती. खाटेच्या काठावर बसलेली, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवलेले, ओठ निळे, तोंडाला गुलाबी फेस. श्वास आत जाईचना. शेजारच्यांनी गाडी काढली. रस्ताभर ती माझ्याकडे बघत होती आणि मी तिला सांगत होतो, झालं, आलोच, झालं.

नळी घातली आहे. मशीन श्वास देते.

मॅडम बाहेर आल्या तेव्हा दुपार झाली होती. हातात फोन होता. म्हणाल्या, "सर, यहाँ अट्ठावन आया है. आपने कल साढ़े पचपन भेजा था. एक दिन में इतना नहीं चढ़ता."

"वो करेक्टेड है, मॅडम."

"किसने करेक्ट किया?"

"मैंने."

"मशीन पर क्या था?"

"साढ़े अट्ठावन. झिरो एरर काटके अट्ठावन."

त्यांनी फोनकडे बघितलं, मग माझ्याकडे. "आप वही भेज देते, सर. मैं सत्रह तारीख़ को ही दवा बढ़ा देती." मी त्यांना समजावायला लागलो, स्प्रिंग, दमट हवा, भाराच्या प्रमाणात चूक. अडुसष्ट भागिले एक्काहत्तरपर्यंत आलो होतो, तेवढ्यात आतून नर्सने बोलावलं आणि त्या गेल्या.

त्यांचाही काटा अठ्ठावन म्हणतो. माझा पण अठ्ठावनच म्हणत होता.

२७ ऑगस्ट, बुधवार

ओपीडीच्या बाहेर वजनाचं इलेक्ट्रॉनिक मशीन आहे. काल दिवसभर त्याच्यासमोरून गेलो, थांबलो नाही. आज गर्दी नव्हती. चपला काढून चढलो.

एक्काहत्तर.

मनात काय आलं तेही लिहितो. मनात आलं, याचीही स्प्रिंग गेली. त्यात स्प्रिंग नसतेच. उतरलो, पुन्हा चढलो, खिशातल्या किल्ल्या, फोन, चष्मा काढून बाकावर ठेवला, पुन्हा चढलो. मागे एक बाई लेकराला घेऊन उभी होती, म्हणाली, "अंकल, हो गया?"

काटा ठीक होता. पहिल्या दिवसापासून ठीक होता. फुगलो होतो मी, पोहे आणि जिलेबी खाऊन, आणि माझ्याच पोटाने नंदाचं पाणी वजा केलं मी. पोराचं पान फाडणारा हा मास्तर! त्याला नऊ पॉइंट आठ पाहिजे होतं, मला चोपन्न पाहिजे होतं. त्याच्या खोटेपणाने कोणाचा श्वास तर अडकला नाही.

दीप्ती सकाळच्या गाडीने आली. तिला सगळं सांगितलं. ती बॅग खाली ठेवून आईच्या काचेजवळ जाऊन उभी राहिली. माझ्याकडे पाठ होती तिची.

३० ऑगस्ट, शनिवार

नळी काढली. नंदा शुद्धीवर आहे, ओळखते, बोलताना आवाज फाटतो. अंगातलं पाणी काढलं, चेहरा एवढासा झाला.

मॅडमनी मला आणि दीप्तीला बसवून सांगितलं. पंप तीसवरून अठरावर आला आहे, जो भाग गेला तो परत येत नाही, किडनीलाही मार बसला आहे. "घर ले जाइए. अच्छे से रखिए. अगली बार ऐसा हुआ तो शायद यहाँ तक पहुँचने का टाइम न मिले." त्यांनी मला एका शब्दानेही दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं.

२ सप्टेंबर, मंगळवार

भय्यासाहेबांना सांगून आलो की पुढे येणार नाही. कॉलेजच्या फाटकाशी वैभवी भेटली, बसची वाट बघत होती. "सर, आपकी क्लास कब से?" म्हटलं, आता फिजिक्सच्या मॅडमच घेतील. मग मी तिला म्हटलं, "बेटा, वो अड़सठ पुराना था. तुमने ठीक पूछा था."

तिने आठवून बघितलं. "कौन सा अड़सठ, सर?"

तिची बस आली. ती चढता चढता नमस्ते म्हणाली.

७ सप्टेंबर, रविवार

नंदा परवा घरी आली. दीप्तीने महिनाभराची रजा घेतली आहे. आईचं जेवण, गोळ्या, पाणी सगळं तिच्या हातात. मी भाजी आणतो, दूध आणतो. कमानिया गेटकडे पाय वळत नाहीत.

दीप्ती नवा काटा आणायला निघाली होती. नंदाने आणू दिला नाही. "या काट्याचं काय चुकलं? बरोबर तर सांगत होता."

आज सकाळी मी नेहमीप्रमाणे काटा काढला, पुसला, बाथरूमबाहेरच्या सपाट फरशीवर ठेवला, चष्मा लावला. नंदा भिंतीला धरून धरून आली. काट्याशी थांबली, चढली नाही. म्हणाली, "दीप्तीला बोलवा."

मी म्हटलं, मी आहे न. मी काही करणार नाही, नुसतं वाचतो. जे दिसेल तेच सांगतो, अर्धासुद्धा वजा करत नाही.

"नाही जी."

"नंदा, रागावलीस का माझ्यावर?"

तिने दम घेतला. दोन वाक्यांमध्ये आता तिला थांबावं लागतं. "राग नाही. तुमच्यानं पाहवत नाही माझं वाढलेलं. मला माहीत होतं तेव्हाच. तुम्ही नळ सोडून रडले न, त्या दिवशीच." मग हात माझ्या दंडावर ठेवून मला बाजूला केलं, अगदी हळू, जोर तर राहिलाच नाही तिच्यात. "मीच फोन करायला पाहिजे होता मॅडमला. पण तुम्ही किती खूश होते. तुम्ही बाहेर बसा."

दीप्ती आली. मी हॉलमध्ये येऊन खुर्चीवर बसलो. दार तिने पुढे ओढून घेतलं. काट्याचा खट्ट आवाज आला, मग दीप्ती हळू आवाजात काहीतरी बोलली आणि नंदा "अच्छा" म्हणाली.

दीप्ती फोनवर टाइप करत बाहेर आली आणि स्वयंपाकघरात गेली. मी तिच्याकडे बघितलं. आकडा किती, हे तिने मला सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.